रॉकच्या मैदानातून हरवलेली मुलगी

त्या मुलीचं प्रकरण अजून माझ्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळून जातात. कुठल्या गावातलं कुठलं प्रेत, हे बायकोला सांगताना माझाच गोंधळ होतो. हे प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. ती मुलगी आता स्वतः दोन पोरांची आई झाली असेल. तिच्या सासरी कुणी हे वाचलं तर उगाच चर्चा नको.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बेळगाव शहरातल्या एका ठाण्यात पीएसआय होतो. एके दिवशी खडेबाजारातल्या भिंतींवर लांब केसांच्या चार पोरांचे फोटो असलेली पोस्टर्स लागली. मुंबईचा रॉक बँड मोठ्या मैदानावर येणार होता. त्याआधी गावात ऑर्केस्ट्रा आले होते, कव्वाल्या झाल्या होत्या, नाटक कंपन्या तर वर्षाला येत. रॉक म्हणजे काय हे मात्र आम्हाला कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बंदोबस्ताच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "या लोकांचा धोका काय?" मग एक जण म्हणाला, मुंबईला अशा कार्यक्रमात पोरं खुर्च्या मोडतात. झालं, आम्ही संयोजकांना सांगून टाकलं की पाहुण्यांपुरत्या खुर्च्या ठेवा, बाकीच्यांना जमिनीवर बसवा. आणि अंधार पडायच्या आत कार्यक्रम संपवा.

खुर्च्या नाहीत म्हटल्यावर रविवारी दुपारी लोक घोंगडी आणि चटया घेऊन आले. कॉलेजची पोरं होती, कॅम्पातली ख्रिस्ती कुटुंबं होती, गोव्याहून मोटारसायकलवर आलेले होते. त्यांच्यामागं खानापूरकडची, चिकोडीकडची घरची घरं भाकरी बांधून आली होती. मी मैदानाच्या दाराशी उभा होतो. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "सायेब, नाटक कुठलं हाय?" मी म्हणालो, "गाणं आहे." तो म्हणाला, "हां, मग बसतो की."

मग ते सुरू झालं. पहिल्या ठोक्याला माझ्या कमरेचा पट्टा थरथरला. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण त्या आवाजाचं मला मोठं कुतूहल वाटलं. माझ्या हवालदारानं कानात बोटं घातली होती, आणि त्याच्या पायाशी कुणाची तरी दोन लेकरं चटईवर गाढ झोपली होती. हे मी तेव्हा पाहिलं आणि विसरून गेलो.

ऊन कलता कलता कार्यक्रम आटोपला. गर्दी पांगली आणि एक माणूस धावत माझ्याकडं आला. पस्तिशीचा, खानापूरकडच्या शेतकरी घरातला. शहरात एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता आणि खासबागेत खोली घेऊन राहत होता. त्याची पाच वर्षांची मुलगी सापडत नव्हती.

"मी हितंच हुतो सायेब," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "माझ्या शेजारी घोंगड्यावर झोपली हुती. बगतो तर न्हाय."

मैदान पालथं घातलं. पाण्याची टाकी, गटार, स्टेजच्या मागची बाजू, सगळं पाहिलं. लाऊडस्पीकरवरून मुलीचं वर्णन सांगितलं. पिवळा फ्रॉक, पायात चांदीचे तोरडे. बसस्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर माणसं पाठवली. कुठंच पत्ता लागला नाही, तेव्हा पळवून नेल्याचा गुन्हा नोंदवून घेतला. वेल्डर मराठीत सांगत होता आणि हवालदार कन्नडमध्ये लिहीत होता. आमच्याकडं हे नेहमीचंच.

त्या दिवसांत आमच्या भागात पोरं पळवणाऱ्या टोळीची हूल उठली होती. खरं एकही प्रकरण घडलं नव्हतं, पण गावोगाव अनोळखी माणसाला लोक अडवत. त्यामुळं या बातमीनं ठाण्यासमोर बघ्यांची गर्दी झाली. त्या गर्दीतून मुलीची आई आली. बारीक चणीची बाई, पण आत येताच तिनं नवऱ्याला सगळ्यांदेखत धारेवर धरलं.

"म्या सांगितलं हुतं न्हवं, पोरीला त्या गाण्याच्या कालव्यात नेऊ नगा म्हणून? सांगितलं हुतं का न्हाय?"

ती माझ्याकडं वळली. "सायेब, ह्यास्नी नीट इचारा. पोरगी शेजारनं जाती आन् बापाला कळत न्हाय, असं हुतंय व्हय?"

माझ्याही मनात तेच होतं. हवालदार माझ्या कानाशी लागला, "सर, सुळ्ळ हेळाकत्तानरी." म्हणजे हा खोटं बोलतोय. आमचे इन्स्पेक्टर तर ठरवूनच बसले होते. एकुलती एक पोर, तीही मुलगी, घरात नवरा-बायकोची कुरबुर. ते मला म्हणाले, "बापाला सोडू नका. उद्या एखाद्या विहिरीत सापडेल." हे त्या आईनं ऐकलं. तिनं नवऱ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर कुठल्याही नवऱ्याच्या वाट्याला येऊ नये.

मी त्याला आतल्या खोलीत घेतलं. माझी विचारण्याची पद्धत थोडी वेगळी होती आणि सहकारी तिची टिंगल करत. मी गुन्ह्याबद्दल विचारायचो नाही, आजूबाजूचं विचारायचो. खोटं बोलणारा माणूस मुख्य गोष्ट घोकून आलेला असतो. कडेच्या गोष्टी त्यानं घोकलेल्या नसतात.

"तुमच्यासमोर कोण बसलं होतं?"

"कालेजची पोरं."

"शेवटी शेवटी ती काय करत होती?"

"बसलीवती की."

शेवटच्या गाण्यांना ती सगळी पोरं उभी राहून नाचत होती. मी स्वतः पाहिलं होतं. मी त्याला हात पुढं करायला सांगितलं. तळव्यांना काळं ग्रीस होतं. पँटीच्या दोन्ही गुडघ्यांना लाल माती.

"घोंगड्यावर बसणाऱ्याच्या गुडघ्याला माती कशी?"

तो एकदम खाली बसला आणि रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं. मग जे बाहेर आलं, ते असं. त्या स्टेजचा लोखंडी सांगाडा त्याच्याच वर्कशॉपमध्ये बनला होता आणि निम्म्याहून अधिक जोड त्यानं स्वतः मारले होते. कार्यक्रम रंगात आला, स्टेज हलायला लागलं आणि संयोजकांचा माणूस त्याला शोधत आला. एक बोल्ट सैल झाला होता. वर चार माणसं आणि ढोलांचा ढीग. पोरगी गाढ झोपली होती. तिला तशीच ठेवून तो स्टेजखाली शिरला आणि बोल्ट आवळेपर्यंत तिथंच गुडघ्यांवर राहिला.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"बायकोला वचन दिलंवतं सायेब, पोरीचा हात सोडणार न्हाय म्हणून."

"मग इतक्या गोंगाटात लेकराला आणलंच कशाला?"

त्यानं डोळे पुसले. "म्या बांधलेलं तिला दावायचं हुतं. मी रोज काय करून येतो, घरात कुणाला ठावं न्हाय. हात काळं करून येतो, एवढंच दिसतंय त्यास्नी. पोरगी म्हणाली, अण्णा, ही लोकं तुज्या लोखंडावर उभी हाईत? म्हटलं, व्हय गं. लई हसली. मग झोपली."

मला तो खरा वाटला. इन्स्पेक्टर म्हणाले, "एकदा खोटं बोलला, दुसऱ्यांदा कशावरून नाही?" तेही चूक म्हणता येईना. वेल्डरला ठाण्यातच बसवून ठेवलं.

सोमवारी सकाळी खबर आली. भुईमुगाच्या शेंगा विकणारा एक माणूस ठाण्याच्या पायरीशी घुटमळत होता. पोलिसाला काही सांगायचं असणारा माणूस आधी दोनदा पुढं जाऊन परत येतो, हे मला पाठ होतं. मी त्याला चहा दिला.

त्यानं एक बाई पाहिली होती. हिरवं नऊवारी लुगडं, वयस्कर, जराशी लंगडत चालणारी. खांद्यावर पिवळ्या फ्रॉकमधली झोपलेली पोर घेऊन ती स्टेजच्या मागं गेली. थोड्या वेळानं परत आली, तेव्हा तिचे हात रिकामे होते.

"रिकामे? नक्की?"

"व्हय सायेब. माज्याकडनं शेंगा घेटल्या तिनं. दोन्ही हातानं पदराचा ओटा धरला हुता."

आता टोळीचा संशय सगळ्यांनाच खरा वाटायला लागला. बाई पोर उचलते, मागं कुणाच्या तरी हवाली करते आणि शांतपणे शेंगा घेऊन परत बसते. मला मात्र त्या शेंगांनी कोड्यात टाकलं. लेकरू पळवणारी बाई त्याच मैदानात शेंगा खात बसते कशाला?

तिला शोधायला फार वेळ लागला नाही. रॉकच्या गर्दीत पुढं बसलेली नऊवारीतली आक्का कोण विसरेल? कॉलेजात विचारताच पोरं हसायला लागली. ती त्यांच्या एका मित्राची आत्ती होती, सदलग्याची. गुडघे दाखवायला दवाखान्यात आली होती आणि भाच्याच्या खोलीवर उतरली होती. म्हातारीला खोलीत एकटी कसं ठेवायचं, म्हणून भाचा तिलाही कार्यक्रमाला घेऊन गेला. सोमवारी पहाटेच्या गाडीनं ती गावी गेली होती.

जीप काढली. मुलीची आई दाराला धरून उभी राहिली, म्हणाली, "मी येणार." नियमात बसत नव्हतं. मी तिला मागं बसवलं. चिकोडी मागं पडल्यावर ती एकदम म्हणाली, "सायेब, त्येनी खरंच स्टेजखाली गेलते?" मी म्हणालो, "मला तरी तसं वाटतं." तिनं पदर तोंडाशी धरला आणि उसाच्या शेताकडं बघत राहिली.

सदलग्यात आमच्या आधी बातमी पोचली होती. आक्काच्या घरासमोर निम्मी गल्ली जमली होती. तिचा भाऊ दारातच आडवा आला. "सायेब, आमचं घराणं बगा. आमच्या बहिणीनं कुणाच्या पोराला हातबी लावलेला न्हाय. ती तिकडं गेलीच न्हवती." आणि आत वळून मोठ्यानं म्हणाला, "आक्का, तू काय बोलू नगंस."

आक्का ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसली होती. तिनं भावाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "गेली न्हवती कशी? गेलती की. आन् पोर उचलली बी."

मुलीच्या आईनं पुढं झेप घेतली आणि आक्काचे दोन्ही खांदे धरले. "कुठं हाय माजी पोर? कुणाला दिलीस?"

हवालदार सोडवायला धावला. आक्कानं हातानंच त्याला थांबवलं. "तिला धरू नगा. आई हाय ती." आणि मग त्या बाईला, जसं एखाद्या शेजारणीला सांगावं तसं सांगायला लागली. "अगं, एकटीच निजलीवती बाळी. शेजारी कुणी न्हाय. आन् ती पोरं उठली की नाचायला! धाड धाड उड्या मारत्यात. लेकराच्या हातावर पाय पडला असता. वाट बगितली, कोण येतंय का. कुणी आलं न्हाय. मग उचलली आन् गाडीत नेऊन निजवली."

"कुठल्या गाडीत?" मी विचारलं.

"पोरं निजवायच्या गाडीत. मागं हुती की, स्टेजच्या."

माझ्या लक्षात येईना. "तिथं कुणाची पोरं झोपली होती का?"

"तवा न्हवती. पर वाकळा हुत्या ढीगभर, मऊ मऊ. म्हटलं मागनं आणतील एकेकाची." ती माझ्याकडं नवलानं बघायला लागली. "जत्रंत काय करत्यात सायेब? तुमी कदी गेला न्हाय व्हय जत्रंला?"

गेलो होतो. आमच्या गावच्या जत्रेत देवळामागं बैलगाड्या सोडलेल्या असत. नाटक सुरू झालं आणि पोरं पेंगायला लागली की बायका त्यांना उचलून वाकळा घातलेल्या गाडीत नेऊन टाकत. आपलं पोर, दुसऱ्याचं पोर असा भेद नव्हता. पायाखाली येणारं लेकरू ज्याला दिसेल त्यानं गाडीत ठेवायचं. आणि नाटक सुटलं की आयांनी थेट गाड्यांकडं जायचं. पोर जागेवर दिसलं नाही म्हणून कुणी बोंब मारत नसे. कुणी ठेवलं, कुणाला सांगितलं, असलं काही विचारायचं कारणच नव्हतं. मी स्वतः लहानपणी अशा गाड्यांत कितीदा झोपलो असेन.

आक्कानं तेच केलं होतं. खुर्च्या नाहीत, लोक घोंगड्यांवर बसलेत, भाकरी सुटल्यात, पुढं स्टेजवर ढोल बडवतायत. तिच्या लेखी ती जत्राच होती. मागं वाकळांची गाडी असणारच, आणि ती तिला दिसलीही.

"ती गाडी बैलाची होती का?"

"न्हाय हो. मोटार हुती. ठेंगणी, मागनं उघडी. आता कुणाकडं बैलं ऱ्हायल्यात?"

टेम्पो. मला कार्यक्रमाआधी पाहिलेलं आठवलं. बँडचे ढोल टेम्पोतून उतरत होते आणि घासू नयेत म्हणून एकेक ढोल वाकळेत गुंडाळलेला होता. सोडलेल्या वाकळा पोरांनी मागं टेम्पोत फेकल्या होत्या. संयोजकांनी जबाबात सांगितलंही होतं की पुढचा कार्यक्रम कोल्हापूरला, सामान संध्याकाळीच निघालं. ते मी ऐकलं होतं, कागदावरही होतं, पण त्या ओळीकडं बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आईला मी एवढंच सांगितलं की मुलगी कोल्हापूरच्या वाटेवर, निपाणीच्या रस्त्याला असेल. ती जीपकडं पळाली. आक्काही काठी टेकत उठली. भाऊ ओरडला, "तू कुठं निघालीस?"

"ठेवली मी. काढून द्यायला नगं?"

सदलग्याच्या चौकीतून मी निपाणीला फोन लावला. पलीकडचा अधिकारी म्हणाला, "बरं झालं, तुम्हालाच निरोप पाठवलाय. इथं एक मुलगी मिळालीय, आणि तिला पळवणाराही. लोकांनी पकडून दिलाय."

"केस लांब आहेत का त्याचे?"

तो चमकून म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

निपाणीच्या ठाण्यासमोर तोबा गर्दी होती. तंबाखूच्या वखारींतून माणसं काम सोडून आली होती, विड्या वळणाऱ्या बायका आल्या होत्या. सगळ्यांना पोरं पळवणारा बघायचा होता. जीपमधून उतरताना दोघा-तिघांनी मला सांगितलं, "सायेब, आमच्या ताब्यात द्या त्येला, दुसरं काय नगं."

मुलगी आतल्या बाकावर बसली होती. पिवळा फ्रॉक, तोरडे, सगळं जागच्या जागी. समोर एक रिकामा पत्र्याचा डबा, आणि दोन्ही हातांत लाकडी काठ्या. ती तो डबा जीव खाऊन बडवत होती आणि ठाणे अंमलदार कपाळाला हात लावून बसला होता. आईनं तिला उचलून छातीशी घट्ट धरलं, काठ्यांसकट. पोरगी म्हणाली, "आये, थांब की. संपलं न्हाय अजून." बाई हसतही होती आणि तिला हुंदकेही आवरत नव्हते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलं नाही.

कोठडीत तो पोरगा होता. बँडचा ढोल वाजवणारा. विशी-बाविशीचा असेल. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून बंद, शर्टाच्या चिंध्या. त्यानं हिंदीत जे सांगितलं ते असं. मैदान लवकर रिकामं करा म्हणून पोलिसांनी घाई केली, तेव्हा ढोल वाकळांत न गुंडाळता तसेच टेम्पोत चढवले आणि वाकळांचा ढीग आत रेटला. वाटेत दिवा बिघडला, म्हणून रात्री एका पेट्रोल पंपावर मुक्काम केला. सकाळी मागून रडण्याचा आवाज आला. वाकळांच्या तळाशी ही मुलगी. ड्रायव्हर घाबरला. पोरं पळवणारे समजून लोक मारतील, हिला इथंच सोडून जाऊ, असं म्हणाला. या पोरानं ऐकलं नाही. निपाणीच्या स्टँडवर उतरून मुलीला दूध पाजावं आणि पोलीस ठाणं विचारावं असा त्याचा बेत होता. एका हातात रडणारी मुलगी, खांद्यापर्यंत केस, भाषा परकी. ठाणं कुठंय, एवढं विचारायलाही लोकांनी त्याला वेळ दिला नाही.

"तुझ्या काठ्या तिच्याकडं कशा?"

"रो रही थी, साब," तो म्हणाला. त्याला बोलताना ओठ दुखत होता. "मेरे पास और कुछ था नहीं."

आता प्रश्न बाहेरच्या गर्दीचा होता. निपाणीच्या अधिकाऱ्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तुम्ही जे सांगताय ते मला पटतंय. पण याला दारातून बाहेर काढला तर लोक ऐकणार नाहीत." ते पोलिसांचं म्हणणं होतं आणि पोलिसांवर त्या दिवशी कुणाचा विश्वास नव्हता.

आक्कानं हे ऐकलं. काठी टेकत ती ठाण्याच्या पायरीवर गेली आणि उभी राहिली. लोक आपोआप थांबले. म्हातारी काय म्हणते ते ऐकायला.

"मी सदलग्याची," ती म्हणाली. "पोर कुणी पळवली न्हाय. कालच्या गाण्याच्या जत्रंत पायाखाली येत हुती, म्हणून मीच गाडीत निजवली. गाडी ह्या पोराची. त्येला ठावंच न्हवतं. तुमी तुमच्या जत्रंत काय करताय? गाडीत पोर निजवली, आन् गाडीवाला तसाच गाडी हाकत गेला, तर त्येचा डोळा फोडताय व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पर आक्का, केस बगा की त्येचं."

"केस देवळातल्या जोगत्याचं बी असत्यात. त्येला मारलासा कदी?"

विड्या वळणाऱ्या बायकांत आधी खुसफूस झाली, मग एक जण हसली. गर्दीतला जोर गेला. लोक एकेक करून काढता पाय घेऊ लागले. आक्का आत आली, कोठडीच्या गजांपाशी गेली आणि त्या पोराच्या सुजलेल्या डोळ्याकडं बघत मराठीत, जे त्याला कळत नव्हतं, म्हणाली, "माज्यामुळं झालं रं लेकरा." त्यानं काय ओळखलं कोण जाणे, वाकून तिच्या पायांना हात लावायला गेला, पण मध्ये गज होते. मी हवालदाराला कुलूप काढायला सांगितलं.

पुढं हा गुन्हा आम्ही 'बी रिपोर्ट' म्हणून न्यायालयात पाठवला, म्हणजे तक्रार खोटी नव्हती, पण गुन्हाच घडला नव्हता. इन्स्पेक्टरांनी तो वाचून विचारलं, "मग मुलगी पळवली कुणी?" मी म्हणालो, "कुणीच नाही, सर. ठेवली होती."

मला या प्रकरणानं एक सवय लावली. त्यानंतर काहीही हरवलं की कुणी नेलं हे मी लगेच विचारायचो नाही. इथला भला माणूस असता तर त्यानं हे कुठं ठेवलं असतं, हे आधी विचारायचो. निम्म्या वेळा तरी उत्तर तिथंच सापडायचं. दुसरं शिकलो ते असं, की खोटं बोलणारा माणूस गुन्हेगारच असतो असं नाही. पुष्कळदा त्याला घरी जायची भीती असते. वेल्डरचं खोटं पकडून मी खूश झालो होतो, पण त्यामुळं शोध एका इंचानंही पुढं सरकला नव्हता. मुलगी सापडली ती खरं बोलणाऱ्या बाईमुळं. खरं सांगण्यात तिचं केवढं नुकसान होऊ शकत होतं, हे तिच्या भावाला कळत होतं, मला कळत होतं. तिलाही कळत असणार.

आक्काला आम्ही सदलग्याच्या गाडीत बसवलं, पोराला कोल्हापूरच्या. आम्ही बेळगावला पोचलो तेव्हा ठाण्यातले दिवे नुकतेच लागले होते. वेल्डर आदल्या रात्रीपासून ठाण्यातल्या बाकावरच होता. त्याला दिलेला जेवणाचा डबा त्यानं उघडलाही नव्हता. जीपचा आवाज ऐकून तो उठला, दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला. बायको पोरीला कडेवर घेऊन चालत येत होती. पोरीनं "अण्णा!" म्हणून हाक मारली, तरी तो पुढं सरकेना. हात पुढं करायचाही त्याला धीर होत नव्हता. नुसता त्या काळ्या तळव्यांकडं बघत राहिला.

बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आता ही याला सगळ्यांसमोर काय बोलते, म्हणून आम्ही सगळेच हातातलं काम सोडून बघत होतो. तिनं पोरीला कडेवरून उतरवलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"घ्या की," ती म्हणाली. "निपाणीपासनं कडंवर हाय. माजं हात भरून आल्यात."